आमचा भाचा चुका शोधतो

पावसाचा अंदाज बरोबर आला तर राजापुरात कुणाला काही वाटत नाही. चुकला, की मात्र गावाला जो आनंद होतो त्याला तोड नाही. सकाळी 'मुसळधार' म्हणून सांगावं आणि दुपारी बारा वाजता डोक्यावर लख्ख ऊन पडावं. की जवाहर चौकात खांद्यावर पंचा टाकून उभा असलेला गृहस्थ समोरच्याकडे बघून नुसत्या भुवया उडवतो. समोरचा आधी आकाशाकडे बघतो, मग हातातल्या मोबाईलकडे बघतो, आणि मग दोघं मिळून असे हसतात, की एखाद्या हवामानशास्त्रज्ञाने ते पाहिलं तर तो त्याच दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देईल. पाऊस न पडण्यात कुणाचा फायदा असतो असंही नाही. लावणी खोळंबलेली असते. पण दुसऱ्याची चूक सापडली, की राजापूरकर स्वतःचं नुकसान विसरतो. हा आमच्या मातीचा गुण आहे. आणि माती भरपूर आहे. अर्धी तर नदीतच साचली आहे.

तेव्हा चुका शोधणं हा आमच्याकडे पिढीजात, फावल्या वेळचा आणि संपूर्णपणे बिनपगारी उद्योग. त्याच कामाचा कुणी महिन्याच्या महिन्याला पगार घेत असेल, वर प्रॉव्हिडंट फंडही कापला जात असेल, हे आम्हाला माझ्या भाच्यामुळे कळलं. भाचा पुण्यात असतो आणि हवामानाच्या मॉडेलमधल्या चुका का होतात ते शोधतो. वाक्य साधं आहे, पण ते स्थळं बघताना उच्चारून बघा.

"मुलगा काय करतो?"

"चुका शोधतो."

"कुणाच्या?"

"मॉडेलच्या."

यानंतर फोनच्या त्या टोकाला जी शांतता पसरते, ती आमच्या बहिणीने आजवर पाच वेळा ऐकली आहे. सहाव्या वेळी तिने "मॉडेल म्हणजे त्या तसल्या नव्हेत हो, गणिताचं मॉडेल" असा खुलासा केला, तर पलीकडून "म्हणजे मास्तर आहे का?" असं विचारण्यात आलं. शेवटी ती सरळ "ऑडिटर आहे" म्हणून सांगायला लागली. मला वाटतं, हे उत्तर सगळ्यात सत्याच्या जवळचं आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, हा ऑडिटर जूनमध्ये आमच्याकडे आठ दिवस राहायला आला. वेळ मोठी नाजूक होती. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी कोकणात येऊन दाखल झाला होता. कौलं शेकारायची राहिली होती, लाकूडफाटा भिजला होता, आणि अंगणात वाळत घातलेली आमसुलं पुन्हा रातांब्याच्या मूळ स्थितीला जाऊ पाहत होती. शेजारचे तात्या कंबर कसून भाच्याची वाटच बघत होते.

"काय रे, तुमचा अंदाज केरळात २७ मेचा होता ना? आला तीन दिवस आधी!"

"तात्या, २७ मे, चार दिवस इकडे-तिकडे असा होता. म्हणजे बरोबर आला."

"चार दिवस इकडे-तिकडे? अरे, असं मुहूर्ताचं केलं असतं तर या गावात एक लग्न लागलं नसतं!"

तात्यांचं म्हणणं गावाचंच म्हणणं होतं. अंदाज का चुकतात याबद्दल राजापुरात तीन ठाम पंथ आहेत. पहिला पंचांगवाल्यांचा : यांच्या मते या नक्षत्राचं वाहन म्हैस आहे की बेडूक, हे न बघता नुसते उपग्रह सोडले तर दुसरं काय होणार? दुसरा पंथ 'हे लोक एसीत बसतात' म्हणणाऱ्यांचा. तिसरा पंथ सगळ्यांत शहाण्यांचा, तो म्हणतो, "बिचाऱ्यांचं चुकत नाही, पाऊसच चुकतो." या तिन्ही पंथांत एक गोष्ट समान आहे. चुकलं कुठे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. का चुकलं, हे बघायला कुणी उठत नाही.

बरं, न सांगता येण्याची आम्हाला सवय नाही म्हणावं, तर तसंही नाही. गावाशेजारी उन्हाळ्याची गंगा आहे. चौदा कुंडं आहेत, आणि गंगा तिथे मनाला येईल तेव्हा प्रकट होते नि मनाला येईल तेव्हा जाते. दर तीन वर्षांनी येते अशी जुनी समजूत. पण गेल्या काही दशकांत तिने हे वेळापत्रक पार गुंडाळून ठेवलं आहे. जमिनीखाली सायफनसारखी पोकळी असावी, ती भरली की पाणी आपोआप उपसलं जात असावं, असं जाणकार म्हणतात. पण गंगा ठरलेल्या वर्षी आली नाही म्हणून कुणी भुवया उडवल्याचं मी पाहिलेलं नाही. गंगा चुकली तर गंगेची मर्जी. पाऊस चुकला तर वेधशाळेची चूक!

भाच्याने पहिल्या दिवशी ओटीवर चौकडीचा कागद पसरला. हवामानाचं मॉडेल म्हणजे काय, तर नकाशावर अशा चौकडी पाडायच्या. प्रत्येक चौकटीत आत्ता ऊष्मा किती, दमटपणा किती, वारा कुठला, ते भरायचं. आणि पदार्थविज्ञानाचे नियम लावून पुढच्या घटकेला काय होईल ते कॉम्प्युटरने काढायचं. मग त्याच्या पुढच्या घटकेचं. असं करत करत उद्यापर्यंत, परवापर्यंत, आणि जिद्द असेल तर शंभर वर्षांपर्यंत जायचं.

"यात राजापूर कुठे?" तात्यांनी विचारलं.

भाचा जरा घुटमळला. "जुन्या मॉडेलात एकेक चौकट शंभर-शंभर किलोमीटरची असायची. राजापूर आणि कोल्हापूर यांत सरळ रेषेत अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. म्हणजे दोन्ही एकाच चौकटीत येऊ शकायची."

ओटीवर सन्नाटा पसरला. राजापूर आणि कोल्हापूर एका खोलीत! ज्यांच्या आमटीतसुद्धा सलोखा होणं शक्य नाही, त्यांना एकच पाऊस वाटून दिला होता. मधला सह्याद्री कुठे गेला, तर तो कापून, तासून, सरासरी काढून टेकाडाएवढा केलेला. आता ढग बिचारे समुद्रावरून येतात, कड्याला थडकतात, वर चढतात, आणि आमच्या डोक्यावर रिते होतात. म्हणून तर रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून देशावर थोडं पुढे गेलं की त्याच्या पाव हिश्शाचीही मारामार. कडाच नसेल, तर ढगांनी थडकावं कशाला? कोकणचा पाऊस मॉडेलमध्ये परस्पर देशावर सांडायचा. तात्या एवढंच म्हणाले, "कोकणचं पाणी घाटावर पळवण्याची ही कल्पना त्यांना आधीपासूनच होती म्हणायची."

नंतर चौकटी लहान होत गेल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २०१२ साली 'मान्सून मिशन' सुरू झाल्यावर, अमेरिकेचं एक मॉडेल आणून त्याची चौकट अडतीस किलोमीटरवर आणली. पुढे दुसरं एक मॉडेल बारा-साडेबारावर आलं, आणि मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्टिंग सिस्टीम' आली ती सहा किलोमीटरची. "म्हणजे आता राजापूर स्वतंत्र घरात राहतं," भाचा म्हणाला. "पण ढग अजून भाडेकरूच आहेत. सहा किलोमीटरपेक्षा लहान ढगाला चौकटीत जागा नाही. त्यांचं वागणं आम्हाला अंदाजपंचे ठरवून द्यावं लागतं."

या ठरवून देण्यातच पुष्कळशी ग्यानबाची मेख आहे. पुष्कळ मॉडेलांमधला पाऊस म्हणजे उधारी फेडणारा सज्जन मनुष्य : रोज थोडा थोडा पडतो. खरा पाऊस आठ दिवस तोंड दाखवत नाही आणि नवव्या दिवशी एकरकमी वसूल करतो. जमिनीवर गडगडाटी पाऊस सहसा दुपारनंतर, तिन्हीसांजेकडे येतो. मॉडेलमधल्याला दम नाही, तो भर बाराच्या सुमारास सुरू होतो. मात्र वर्षाची बेरीज घातली, तर ती पुष्कळदा जमून जाते. "म्हणजे बेरीज बरोबर आणि एक दिवस बरोबर नाही," तात्या म्हणाले, "अशा एका पतपेढीचा मी सभासद होतो."

खरं म्हणजे 'का' हा प्रश्न टाळून नुसत्या खुणांवर अंदाज बांधायची परंपरा मोठ्या मोठ्या माणसांनी चालवलेली आहे. आमची आत्या गुडघा दुखला की पाऊस सांगते. हेन्री ब्लॅनफर्डने १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला लांब पल्ल्याचा अंदाज दिला, त्यात हिमालयातलं बर्फ मोजलं होतं : बर्फ जास्त, तर पाऊस कमी. गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती १९०४ ते १९२४ वीस वर्षं इथल्या हवामानखात्याचा प्रमुख होता. त्याने जगभरच्या हवेच्या दाबांचा आपल्या पावसाशी काय संबंध लागतो ते आकडेमोड करून पाहिलं. सिमल्याचं मुख्यालय १९२८ साली पुण्यात आलं, आणि पुण्यातल्या त्या चौकाला लोक आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. जिथे सिमलाच शिवाजीनगरात सापडतो, तिथे पाऊस चार कोस इकडे-तिकडे झाला तर एवढं काय?

पुढे १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा खुणा घेतल्या. ब्लॅनफर्डचं बर्फ होतं, एल निनो होता, आणि बऱ्याच. त्यानंतर ओळीने बारा-तेरा वर्षं देशात पाऊस बरा झाला आणि मॉडेलही बरं वाटलं. १९९७ साली शतकातला जबरदस्त एल निनो आला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि पाऊस पडला सरासरीच्याही किंचित वर! मग २००२ साली अंदाज होता १०१ टक्के, आणि पडला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला. सोळा खुणांतली एकही खूण येऊन म्हणाली नाही, की 'मी चुकले'. खूण ही साक्षीदार असते, आरोपी नसते. गुडघा का दुखतो हे ठाऊक नसेल, तर तो दुखायचा थांबला कशाने हे तरी कसं कळणार?

निदान म्हणजे काय, याची भाच्याने सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ॲम्ब्युलन्स चालवायचा, आणि विश्रांतीच्या वेळी हाताने हवामानाचं गणित सोडवायचा. त्याने २० मे १९१० या जुन्या दिवसाच्या सहा तासांचा अंदाज काढला. उत्तर आलं, हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार बदलेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाही नव्हता. मोठ्यात मोठ्या चक्रीवादळातही सहा तासांत एवढी उलथापालथ होत नाही. त्या माणसाचं मोठेपण असं, की हे हास्यास्पद उत्तर त्याने १९२२ साली स्वतःच्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं. त्यामुळे पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाला ते गणित पुन्हा मांडून बघता आलं. आणि सापडलं काय? रीत ठीक होती! सुरुवातीला भरलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता, म्हणून सुरुवातीलाच मोठी खळबळ उडाली, आणि ती खळबळ म्हणजेच हवामान समजून सहा तासांनी गुणली गेली. धूतपापेश्वराच्या पायऱ्या धावत चढून आलेल्या माणसाची नाडी धरावी आणि 'याला ताप आहे, सहा तासांत भट्टी होईल' म्हणून सांगावं, तसं झालं. लिंचने त्या माणसाला आधी पायरीवर बसवलं, दम खाऊ दिला, मग नाडी पाहिली. उत्तर माणसात आलं.

पण याहून बेरकी प्रकार म्हणजे एक चूक दुसऱ्या चुकीला झाकते तो. हे समजावून सांगायला भाच्याला परगावी जावं लागलं नाही. तात्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं मागे असे. रत्नागिरीला जाणारी सकाळची एक गाडी पंधरा मिनिटं उशिरा येत असे. या योगायोगावर तात्यांनी बावीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही गाडी चुकली नाही. मग मुलाने पहिल्या पगारातून घड्याळ दुरुस्त करून आणलं. दुसऱ्या दिवशी तात्या पाऊणतास आधी... नव्हे, नेमके पंधरा मिनिटं पावसात उभे राहिले, आणि घरी येऊन कडाडले, "चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवून आणलंस!"

मॉडेलांत हेच चालतं. खालच्या थरातले ढग बऱ्याच मॉडेलांत खऱ्यापेक्षा कमी असतात, पण असतात ते खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत. त्यामुळे परत फेकला जाणारा सूर्यप्रकाश बेरजेला जमतो. आता एखाद्याने इमानेइतबारे ढगांची संख्या सुधारली, की बेरीज कोसळते, आणि त्यालाच बोलणी बसतात. "मग सुधारता कशाला?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, घड्याळ आणि गाडी दोन्ही पंधराच मिनिटांनी चुकतात तोवर ठीक. उद्या गाडीचा ड्रायव्हर बदलला तर? जग तापतंय म्हणजे ड्रायव्हर बदलतोय. जुन्या चुका नव्या हवेत एकमेकींना सांभाळून घेतीलच, याची हमी कोण देणार?"

तात्या यावर काही बोलले नाहीत. ही त्यांची मान्य करण्याची रीत आहे.

मग चूक पकडायची कशी? तर एकत्र कुटुंबातल्या भांडणासारखी. तीन वर्षांनी जाऊन विचारलंत, तर सासू एक सांगेल, सून दुसरं, आणि कामवाली सगळ्यांत खरं. कुणी सुरुवात केली ते देवालाही कळायचं नाही. त्यापेक्षा पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बसावं. मॉडेल खऱ्या हवेवरून सोडायचं आणि पहिल्या काही तासांतच बघायचं, ते पहिलं पाऊल वाकडं कुठे टाकतं. अजून वारा, पाऊस, समुद्र एकमेकांना दोष द्यायला लागलेले नसतात, तोवर गुन्हेगार एकटा सापडतो. दुसरी रीत : एकेकाला पाहुणा म्हणून बाहेर पाठवायचं. त्या अमेरिकेहून आणलेल्या मॉडेलमध्ये समुद्र खऱ्यापेक्षा थंड आणि भारताची जमीन खऱ्यापेक्षा कोरडी निघायची. मग मॉडेलचा समुद्र काढून खरा मोजलेला समुद्र घालून बघायचा. तरी जमीन कोरडीच राहिली, तर समुद्र सुटला, दोष घरातच. सासूबाईंना आठ दिवस लेकीकडे पाठवूनही घरात भांडी आपटण्याचा आवाज येत असेल, तर बिचाऱ्या सासूबाईंना बोलावून आणून त्यांची माफी मागावी.

आणि कधी कधी तर मॉडेल निर्दोष असतं, मोजणाराच चुकतो. तात्यांनी फणसाजवळ, पडवीला लागून पर्जन्यमापक ठेवला आहे. एका दिवशी भाकीत चाळीस मिलिमीटरचं आणि तात्यांच्या भांड्यात एकशेदहा. तात्या ते भांडं वरातीसारखं मिरवत घेऊन आले. भाच्याने जाऊन जागा पाहिली. वरून कौलांच्या पागोळ्या थेट भांड्यात! आडोसा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर भांडं असावं लागतं. शिवाय वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो आणि तात्यांचा चहा झाल्यावर. त्यामुळे सोमवारी रात्रीचा पाऊस वेधशाळेत मंगळवारच्या नावावर आणि तात्यांकडे सोमवारच्या. अशा रीतीने पावसाचा एकही थेंब न हलवता तात्यांनी एकाच दिवशी दोन अंदाज चुकवले होते.

काही चुकांना मात्र औषध नाही. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झने कॉम्प्युटरला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला आणि तो कॉफी प्यायला गेला. परत येतो तर सगळं हवामान निराळं! तेवढ्या बारीक फरकाचंही पुढे पर्वताएवढं होतं, म्हणून काही दिवसांपलीकडे नेमका अंदाज कुणालाच देता यायचा नाही. तेव्हा एक दिवस चुकला म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही. शंभर दिवस एकाच बाजूला चुकलं, तर ठरतं. "म्हणून आम्ही सत्तर टक्के शक्यता असं सांगतो," भाचा म्हणाला. "म्हणजे छत्री न्यायची की नाही?" तात्या म्हणाले. "न्या." "किती टक्के?"

हसण्यावारी नेलं तरी या टक्क्यांवर आमचा अख्खा बाजार उभा आहे. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या पावसाळ्यात फुगल्या, की पाणी जवाहर चौकात येतं. दुकानदारांनी माल वरच्या फळीवर चढवायचा की नाही, हे रात्री दहा वाजता ठरवायचं असतं. माल चढवला आणि पाणी आलं नाही, तर एक रात्र नि चार हमालांची मजुरी फुकट. असं दोनदा झालं, की तिसऱ्या वेळी माल खाली राहतो. आणि पाणी नेमकं तिसऱ्या वेळी येतं. तेव्हा कुणी भुवया उडवत नाही. भिजलेल्या साखरेच्या पोत्याला विनोदबुद्धी नसते. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला चौऱ्याहत्तरच्या आसपास. एकाच शहरात! 'मुंबईत पाऊस' या शब्दांत त्या दिवशी काय मावलं असतं? आमच्या चौकात पाणी आलं नाही, तर पाऊस पडलाच नाही, की चार कोस पलीकडच्या घाटात पडला, की खाडीला ओहोटी होती म्हणून पाणी निघून गेलं? आणि अंदाजापेक्षा जास्त आलं, तर पाऊस जास्त झाला, की नदीत गाळच एवढा आहे की नेहमीचा पाऊसही तिला पेलत नाही? प्रत्येक कारणाचं औषध वेगळं. नुसती वेधशाळेच्या नावाने बोटं मोडली, तर गाळ जिथल्या तिथे सुखाने राहतो.

भाचा जायच्या आदल्या दिवशी चौकातल्या एका किराणा दुकानदारांनी त्याला आपली जुनी वही दाखवली. एका रकान्यात अंदाज, दुसऱ्या रकान्यात पाणी दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं ते. वीस-बावीस वर्षांचा हिशेब, तारीखवार. भाच्याचे डोळे असे चमकले, की पाच स्थळं दाखवूनही कधी चमकले नव्हते. त्याने फुटपट्टी घेऊन शेजारी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं : 'का?'

परवा मी ती वही पाहिली. तिसरा रकाना भरत चालला आहे. 'भरती होती.' 'घाटात पडला, इकडे नाही.' 'पाऊस बेताचा, गाळ.' दोन ठिकाणी 'कळलं नाही' असंही प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. गावात आता संध्याकाळी त्या रकान्यावरून वाद होतात, आणि गेल्या शंभर वर्षांत प्रथमच वाद घालणारे उठून नदीवर जाऊन बघून येतात. शेवटच्या पानावर कुणीतरी उत्साहाने 'गंगा' असा मथळा लिहून तेच तीन रकाने आखून ठेवले आहेत. पहिल्या दोन रकान्यांत तारखाही आहेत. तिसरा कोरा आहे. तिला 'का?' म्हणून विचारायची राजापुरात अजून कुणाची छाती झालेली नाही.